सूर्य मावळायच्या आत

बालमित्रांनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चौथीच्या वर्गात मी भागाकार शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा सारखा खिडकीबाहेर बघत होता. त्याला दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा मात्र माझा तोल गेला. त्याची वही हिसकावून मी टेबलावर आपटली आणि ती फाटली. वर्ग चिडीचूप! मधल्या सुट्टीत कळलं, त्याची आई तापानं फणफणली होती. तिला दवाखान्यात घेऊन गेलेले वडील परतताना दिसतात का, हे तो पाहत होता.

राग आला की आपलं काय होतं, ठाऊक आहे ना? मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, मुठी वळतात. शरीर भांडायला तयार होतं आणि विचार मागे पडतो.

मग रागावणं पापच का? तसं नाही. प्रभू येशूसुद्धा रागावला होता. यरुशलेमच्या मंदिरात बाजार मांडलेला पाहून त्यानं सराफांचे चौरंग उलथून टाकले. पण स्वतःला क्रुसावर खिळणाऱ्यांसाठी त्यानं क्षमाच मागितली. म्हणून राग आला की आधी स्वतःला विचारावं, "हा राग अन्यायाचा आहे, की माझा मान दुखावल्याचा?" माझा राग दुसऱ्या प्रकारचा होता.

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) म्हणजे फुलामुलांचे कवी. पण स्वभाव तापट! लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या रागाबद्दल मोकळेपणानं लिहिलंय आणि त्यांच्या प्रेमळ मनाबद्दलही. तेव्हा राग येणारी माणसं वाईटच असतात असं नाही. रागाचं पुढे काय करायचं, ते शिकावं लागतं.

त्यासाठी काही सोप्या गोष्टी करा. तोंड उघडण्याआधी दहा अंक मोजा. श्वास सावकाश सोडा. जमल्यास तिथून उठून पाणी प्या. मग मनातलं सगळं देवाला सांगा, तक्रारसुद्धा! स्तोत्रसंहितेत अशा कितीतरी तक्रारी आहेत. तो ऐकतो.

आणि चूक झालीच तर? संत पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (अध्याय ४, वचन २६) एक वेळ घालून दिली आहे. दिवस मावळेपर्यंत राग मनात ठेवायचा नाही.

त्या संध्याकाळी नवी वही घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेले. आईचा ताप उतरत होता. मी म्हटलं, "बाळ, माझं चुकलं." तो लाजला. मग हळूच म्हणाला, "बाई, उद्या भागाकार परत शिकवाल?"

पालकहो, मुलांची माफी मागितल्यानं आपण लहान होत नाही. मुलं तेच पाहून शिकतात. आज कुणावर रागावलाय का? मग दिवेलागणीच्या आत बोलून टाका.