पाळीचा कितवा दिवस?

वरूडच्या एका कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी साडेसातलाच बाकं भरलेली असतात. पट्टा बांधण्याआधी टेक्निशियन ताई विचारतात, “पाळीचा कितवा दिवस?” मुलगी आईकडे बघते. “तिसरा,” आई सांगते, “पण हे काहून विचारता?”

विचारावंच लागतं. एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल ही हार्मोन्स महिनाभर चढत-उतरत असतात. दिवस माहीत नसेल तर आकड्याचा अर्थ लागत नाही. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, म्हणून ते सकाळी उपाशीपोटी तपासतात. कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा.

पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त ताई अर्धा तास तसंच राहू देतात. नीट न गोठता सेंट्रिफ्यूजमध्ये घातलं तर सीरममध्ये धागे राहतात आणि पुढे यंत्राची नळी अडते. फिरवल्यावर ट्यूबमधल्या जेलच्या वर पिवळसर सीरम स्वच्छ दिसलं, की ट्यूब बर्फाच्या डब्यात आणि डबा नागपूरच्या गाडीत. मे महिन्यात त्या डब्यातला बर्फ टिकवणं हेच मोठं काम.

एवढी निगा राखूनही पुढे अडचण आहे. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, बायकांत मात्र 15 ते 70. इतकं थोडं मोजताना नेहमीची इम्युनोअ‍ॅसे, म्हणजे अँटिबॉडीने हार्मोन पकडून मोजायची पद्धत, चुकते. सारख्या घडणीची दुसरी स्टेरॉइडंही ती त्यातच धरते. 2003 साली फ्रान्समध्ये अशा दहा पद्धती मास स्पेक्ट्रोमेट्रीशी, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या पद्धतीशी, ताडून पाहिल्या, तेव्हा बायकांच्या नमुन्यांत सातांनी आकडा वाढवून दाखवला. किट पुढे सुधारली, तरी बायका आणि मुलांसाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीच भरवशाची. ती महाग आणि मोजक्याच मोठ्या लॅबमध्ये.

ताईंचा दुसरा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटला: “केसांच्या गोळ्या चालू आहेत काय?” पीसीओडीत केस गळतात, म्हणून मुली बायोटिन घेतात. काही यंत्रांची रचनाच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात ते जास्त असलं, की टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि एलएच, एफएसएच खोटे उतरलेले दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये बायोटिनबद्दल इशारा दिला होता. हा प्रश्न प्रत्येक फॉर्मवर छापलेला असायला हवा.

रिपोर्ट आणि लक्षणं जुळत नसतील तर औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना तपासणीची पद्धत विचारा. आणि रक्त द्यायला जाताना चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या.