सामाईक संचयाशी संगणकाची स्वयंचलित जोडणी

एका संगणकावरील, किंवा केवळ साठवणीसाठी ठेवलेल्या यंत्रावरील फोल्डर त्याच जालातील इतर संगणकांना वापरण्यास खुला केला, म्हणजे त्यास सामाईक फोल्डर म्हणतात. संगणक सुरू होताच अथवा फोल्डराची प्रत्यक्ष गरज पडताच, वापरणाऱ्याने दर वेळी वेगळी आज्ञा न देता तो उपलब्ध व्हावा अशी जी व्यवस्था केलेली असते, तिला स्वयंचलित जोडणी असे म्हणतात. जोडणी झाल्यावर दूरच्या यंत्रावरील फाइली आपल्याच संगणकात असल्यासारख्या दिसतात, उघडता येतात व बदलता येतात. फाइली पुरविणाऱ्या यंत्रास सर्व्हर व त्या मागणाऱ्या संगणकास ग्राहक संगणक अशा संज्ञा आहेत.

गरज : एकच दस्तऐवज अनेकांच्या हाताखालून जात असेल, तर प्रत्येकाकडे त्याची स्वतंत्र प्रत राहते आणि त्यांपैकी अखेरची कोणती हे कळेनासे होते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहराच्या पूर्व भागात वालीव, सातिवली, गोखिवरे इ. ठिकाणी लघुउद्योगांचे गाळे मोठ्या संख्येने आहेत. उदा., पत्र्याचे भाग कापून देणाऱ्या एखाद्या गाळ्यात एका संगणकावर आरेखन तयार होते, दुसऱ्यावरून ते कापणी यंत्राकडे जाते व तिसऱ्यावर बिल बनते असे समजू. ग्राहकाच्या सांगण्यावरून आरेखनातील एका छिद्राचे माप बदलले. परंतु कापणीच्या संगणकावर जुनीच प्रत राहिली, तर पूर्ण पत्रा वाया जातो. तिन्ही संगणक एकाच सामाईक फोल्डरातून फाइल घेत असतील, तर असा घोटाळा टळतो. मात्र त्यासाठी ती जोडणी प्रत्येक संगणकावर रोज बिनचूक झाली पाहिजे. ती कामगाराच्या आठवणीवर सोपविता येत नाही. स्वयंचलित जोडणीचे प्रयोजन हेच होय.

इतिहास : जालावरून फाइली वाटून घेण्याच्या दोन प्रमुख पद्धती १९८०–९० या दशकात निर्माण झाल्या. आयबीएम कंपनीतील बॅरी फाइगेनबॉम यांनी या दशकाच्या प्रारंभी ‘एसएमबी’ या संदेशवहन-नियमांची मूळ रचना केली. पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्यांचा विस्तार केला व विंडोज प्रणालीत ते रूढ झाले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने (स्थापना १९८२, पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत) ‘एनएफएस’ ही पद्धती विकसित केली. युनिक्स प्रणालीच्या संगणकांवर तिचा प्रसार झाला. ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या ‘सांबा’ या आज्ञावलीमुळे युनिक्स व लिनक्स संगणकही विंडोज संगणकांना फोल्डर पुरवू लागले.

जोडावयाच्या फोल्डरांची संख्या वाढली, तेव्हा ते सर्व आरंभीच जोडणे गैरसोयीचे ठरू लागले; कारण एक सर्व्हर बंद असला तरी त्यावर अवलंबून असलेले सर्व संगणक खोळंबत. यावर उपाय म्हणून सन कंपनीने सु. १९८८ मध्ये मागणीनुसार जोडणी करणारी आज्ञावली आपल्या प्रणालीत समाविष्ट केली. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील जॅन-सायमन पेंड्री यांनी याच सुमारास ‘एएमडी’ ही तत्सम आज्ञावली तयार केली. लिनक्स प्रणालीतील ‘ऑटोएफएस’ हे याच कल्पनेचे पुढील रूप होय.

कार्यपद्धती : जोडणी चार टप्प्यांत होते. प्रथम ग्राहक संगणक सर्व्हरच्या नावावरून त्याचा जालावरील अंकी पत्ता शोधतो. नंतर त्या पत्त्यावरील ठरावीक द्वाराशी (एसएमबीसाठी ४४५, एनएफएससाठी २०४९ क्रमांक) संपर्क साधतो. तिसऱ्या टप्प्यात वापरणाऱ्याची ओळख व त्याचे अधिकार तपासले जातात. अखेरीस तो फोल्डर ग्राहक संगणकाच्या फाइल-रचनेत एका ठिकाणी बसविला जातो. विंडोजमध्ये त्यास बहुधा रोमन वर्णमालेतील एक अक्षर देतात. युनिक्स व लिनक्समध्ये तो एका रिकाम्या निर्देशिकेवर चढवितात. या क्रियेस आरोहण असे म्हणता येईल.

स्वयंचलित जोडणीचे दोन प्रकार आहेत. आरंभकालीन जोडणीत संगणक सुरू होताना किंवा वापरणारा प्रवेश करताना नोंदवून ठेवलेले सर्व फोल्डर जोडले जातात. लिनक्समध्ये ही नोंद ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत असते. विंडोजमध्ये जोडणी करतानाच ती पुढील प्रवेशाच्या वेळी पुन्हा करावी असा पर्याय निवडतात. मागणीनुसार जोडणीत फोल्डराचे केवळ नाव नोंदलेले असते. कोणी त्या नावाने फाइल मागितली की त्या क्षणी जोडणी होते व काही मिनिटे वापर न झाल्यास ती आपोआप सुटते.

दोष व धोके : आरंभकालीन जोडणीचा मुख्य दोष यंत्रे सुरू होण्याच्या क्रमाशी निगडित आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा इ. भागांत पाणी साचून वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला होता. अशा प्रसंगी वीज परत येताच सर्व यंत्रे एकदम सुरू होतात. साध्या संगणकास तयार होण्यास थोडा वेळ पुरतो. साठवण यंत्रास आपल्या तबकड्यांची तपासणी करावयाची असल्याने अधिक वेळ लागतो. परिणामी जोडणीचा प्रयत्न फसतो आणि नंतर सर्व्हर तयार झाला तरी तो प्रयत्न पुन्हा होईलच असे नाही.

याहून गंभीर दोष चटकन दिसत नाही. लिनक्समध्ये आरोहण फसले, तरी ज्या निर्देशिकेवर ते व्हावयाचे असते ती रिकामी निर्देशिका जागेवरच असते. एखाद्या आज्ञावलीने त्या नावाखाली फाइल लिहिली, तर ती कोणतीही तक्रार न येता स्थानिक तबकडीवर लिहिली जाते. लिहिणाऱ्यास ती सर्व्हरवर गेली असे वाटते. पुढे आरोहण यशस्वी झाले की ती फाइल त्याखाली झाकली जाते. राखीव प्रती घेणारी आज्ञावली अशा रीतीने कित्येक दिवस चुकीच्या जागी लिहीत राहू शकते व मूळ तबकडी बिघडल्यावरच हे उघडकीस येते. म्हणजे जोडणी न होणे हा मोठा धोका नव्हे. ती न झाल्याचे न कळणे हा मोठा धोका होय.

तिसरा धोका सुरक्षिततेचा आहे. आपोआप जोडणी होण्यासाठी संकेतशब्द संगणकातच ठेवावा लागतो. तो सर्वांना वाचता येईल अशा फाइलीत ठेवणे अनिष्ट असते. शिवाय वापरणाऱ्यास जेथे लिहिता येते, तेथे त्याच्या संगणकात शिरलेल्या घातक आज्ञावलीसही लिहिता येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने एसएमबीच्या जुन्या आवृत्तीच्या अंमलबजावणीतील उणिवेचा फायदा घेतला व जोडलेल्या फोल्डरांतील फाइलीही कुलूपबंद केल्या.

उपाय : जेथे शक्य असेल तेथे मागणीनुसार जोडणी पसंत करतात, तीत यंत्रांच्या क्रमाचा प्रश्न बहुतांशी सुटतो. आरंभकालीन जोडणी अपरिहार्य असल्यास जाल सिद्ध होईपर्यंत थांबण्याची व सर्व्हर न मिळाल्यास उर्वरित संगणक सुरू होऊ देण्याची सूचना नोंदीत देतात. आरोहणाची रिकामी निर्देशिका लेखनास बंद ठेवली, तर चुकलेले लेखन तत्काळ अडते व त्रुटी ध्यानात येते. लिहिण्यापूर्वी सर्व्हरवर मुद्दाम ठेवलेली एक खुणेची फाइल दिसते की नाही हे तपासण्याची रीतही उपयुक्त आहे. साठवण यंत्रास अखंड वीजपुरवठ्याचे साधन जोडणे, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवणे, प्रत्येकास कामापुरताच लिहिण्याचा अधिकार देणे या इतर दक्षता होत. सामाईक संचय म्हणजे राखीव प्रत नव्हे. त्यातील फाइल पुसली गेली तर ती एकाच वेळी सर्वांसाठी नाहीशी होते. म्हणून जालापासून अलग अशी एक प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक असते. पूरप्रवण भागात ती दुसऱ्या इमारतीत व जमिनीपासून उंचावर ठेवणे इष्ट ठरते.