रोव्हर्स चषक आणि हैदराबादचे पोलीस

धाराशिव जिल्ह्यांतल्या कोणत्याहि गांवीं मैदानी खेळांची गोष्ट काढली, तर कुस्तीचें आणि खो-खोचें नांव आधीं निघतें, फुटबॉलचें क्वचितच. तरीहि भारतीय फुटबॉलच्या इतिहासांतील एका विलक्षण पराक्रमाशीं या जिल्ह्याचें नातें पोंचतें. आज महाराष्ट्रांत असलेला हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्याचें उस्मानाबाद हें नांवहि निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलें होतें. २०२३ मध्यें जिल्ह्याला धाराशिव हें नांव अधिकृतपणें मिळालें. राज्यकारभाराचें केंद्र हैदराबाद, तर भाषेची ओढ सोलापूर-पुणें-मुंबईकडे, अशी येथील माणसांची दुहेरी स्थिति होती. १९५० सालीं याच हैदराबाद शहरांतील पोलिसांच्या फुटबॉल-संघानें मुंबईंत येऊन तेथील मानाचा रोव्हर्स चषक जिंकला आणि पुढें १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें तो दुसऱ्या कोणाला मिळूं दिला नाहीं. कलकत्त्याचे मातबर संघ ज्या मानासाठीं धडपडत, तो एका पोलीस खात्याच्या संघानें कसा मिळविला, हें समजून घेण्याजोगें आहे.

त्यासाठीं प्रथम चषक-स्पर्धेचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. फुटबॉलच्या स्पर्धा दोन पद्धतींनीं खेळल्या जातात. साखळी पद्धतींत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशीं खेळतो आणि गुणांची बेरीज शेवटीं मांडली जाते. तेथें एखाद्या दिवशींची चूक पुढच्या दिवशीं भरून निघते. चषकाची स्पर्धा मात्र बाद पद्धतीची. जो हरला तो घरीं गेला. सोळा संघ असतील तर आठ उरतात, आठांचे चार, चारांचे दोन. आणि त्या दोघांची जी गांठ पडते, तो अंतिम सामना. दीड तासाचा हा खेळ वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लावतो. बरोबरी झाली तर जादा वेळ, तरीहि निकाल न लागल्यास पुन्हां दुसऱ्या दिवशीं सामना, अशी जुनी रीत होती. बारा यार्डांवरून पेनल्टीचे फटके मारून निकाल लावण्याची वाट खेळाच्या नियमकर्त्यांनीं १९७० सालीं मोकळी केली. थोडक्यांत, साखळी चिकाटीची परीक्षा पाहते, तर चषक धीराची.

रोव्हर्स चषक १८९१ सालीं मुंबईंत सुरू झाला. सिमल्याचा ड्युरँड चषक त्याच्यापेक्षां तीन वर्षांनीं वडील. दोन्ही स्पर्धा आरंभीं गोऱ्या पलटणींच्या होत्या. रोव्हर्सचा पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटला मिळाला. देशी संघांना त्यांत यश मिळेल अशी कल्पनाहि कोणी केली नसेल. ती प्रथम आली कलकत्त्याहून. १९११ च्या जुलैंत मोहन बागान या बंगाली संघानें आय. एफ. ए. ढालीच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक गोलानें हरविलें. त्यांच्या अकरा खेळाडूंपैकीं दहाजण अनवाणी खेळले होते. १९२३ सालीं हाच संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला. पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढें त्याला हार खावी लागली. अखेर १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें पलटणींची मक्तेदारी मोडून रोव्हर्स चषक देशी नागरिकांच्या हातीं आणला.

या पार्श्वभूमीवर हैदराबादचे पोलीस मैदानांत उतरले. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें होतें आणि तेथील समाज मोठ्या उलथापालथींतून नुकता बाहेर पडत होता. अशा वेळीं, १९५० सालीं, सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकी पेशाच्या गृहस्थांनीं शहर पोलिसांच्या संघाचें मार्गदर्शन हातीं घेतलें. लोक त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणत. मैदानाची शिस्त त्यांनीं जणुं शाळेंतूनच आणली होती.

त्यांच्या शिकवणुकीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: चेंडू माणसापेक्षां वेगानें धांवतो, म्हणून धांवण्याचें काम चेंडूकडे सोंपवावें. त्या काळीं प्रेक्षकांना आवडे तो एकट्यानें चेंडू पायाशीं नाचवीत चार प्रतिस्पर्ध्यांना चकविणारा खेळाडू. परंतु असा खेळाडू तिघांना चकवून चौथ्याजवळ अडकला, कीं संघाची सारी मेहनत फुकट जाते. रहीमसाहेबांनीं यावर एक नामी उपाय योजिला. त्यांनीं अशा स्पर्धा भरविल्या, कीं ज्यांत चेंडू नाचवीत नेण्याचीच बंदी होती. चेंडू मिळतांच तो सोबत्याकडे दिलाच पाहिजे. दुसरी स्पर्धा याहून चमत्कारिक: तींत ज्याचा जो पाय दुबळा, त्याच पायानें खेळावयाचें. कारण उघड आहे. उजव्या पायाच्या खेळाडूकडे डावीकडून चेंडू आला, तर तो उजव्या पायावर घेण्यासाठीं त्याला अंग वळवावें लागतें. त्यांत क्षण-दोन क्षण जातात, आणि तेवढ्यांत प्रतिपक्षाचा माणूस अंगावर येऊन ठेपतो. दोन्ही पाय सारखे तयार असले, तर तो क्षण वांचतो. असे वांचलेले क्षणच शेवटीं गोलांत जमा होतात.

अनवाणी खेळण्याच्या रूढीलाहि या पद्धतींत जागा होती. उघड्या पायाला चेंडूचा स्पर्श नेमका कळतो. लांबचा फटका मात्र त्याला बुटाइतका साधत नाहीं. म्हणून जवळच्या सोबत्याकडे, जमिनीलगत, मोजका चेंडू देणें हें अनवाणी संघाला सोयीचें होतें. कोरड्या मैदानावर हा खेळ पाहणाराला मोहून टाकी. ओल्या आणि थंड हवेंत तोच कसा उघडा पडतो, हें १९५२ सालीं हेल्सिंकीच्या ऑलिंपिकमध्यें दिसलें. तेथें रहीमसाहेबांच्याच मार्गदर्शनाखालीं खेळणाऱ्या भारतीय संघाला युगोस्लाव्हियानें दहा विरुद्ध एक अशा गोलांनीं हरविलें. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्यें बूट सक्तीचे झाले.

या पोलीस-संघाचे खरे प्रतिस्पर्धी कलकत्त्याचे. १९५० सालीं, रोव्हर्स जिंकला त्याच वर्षीं, ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यांची गांठ मोहन बागानशीं पडली आणि तो चषकहि हैदराबादला गेला. १९५२ सालीं ड्युरँडच्याच अंतिम सामन्यांत ईस्ट बंगालनें त्यांना एका गोलानें हरवून परतफेड केली. ही चुरस निकोप होती. एकानें दुसऱ्याला हरवावें, हरलेल्यानें पुढच्या वर्षीं अधिक तयारी करून यावें, आणि त्यांत दोघांचाहि खेळ वाढावा, हेंच स्पर्धेचें फळ. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवून मिळालेल्या चषकाला चांदीचें मोल असतें, मानाचें नसतें.

पण चुरस नेहमींच निकोप राहते असें नाहीं. कलकत्त्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन संघांचें वैर प्रसिद्ध आहे. १८८९ सालीं स्थापन झालेला पहिला संघ मूळच्या कलकत्तेकरांचा, तर १९२० सालचा दुसरा पूर्व बंगालमधून आलेल्यांचा, अशी भावना रूढ झाली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हां तिला आणखी धार चढली. एक जिंकला कीं घरोघर कोळंबी, दुसरा जिंकला कीं हिल्सा मासा शिजावा, असे सणच तेथें ठरून गेले आहेत. १९७२ सालीं रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यांत हेच दोघे समोरासमोर आले. कोणीच कोणाला हटेना. शेवटीं दोघांनाहि संयुक्त विजेते ठरविण्यांत आलें. वैऱ्याबरोबर चषक वांटून घेणें हें दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांना कडू वाटलें असेल. परंतु खेळाच्या दृष्टीनें तो न्याय उणा म्हणतां येणार नाहीं. याच दोन संघांच्या १६ ऑगस्ट १९८० च्या साखळी सामन्यांत, ईडन गार्डन्सवर, प्रेक्षकांतील दंगलीनें आणि चेंगराचेंगरीनें सोळा जणांचे प्राण घेतले. त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवशीं तेथें रक्तदान करण्याची प्रथा पडली. प्रतिस्पर्ध्याला शत्रु मानण्याची किंमत केवढी असते, हें त्या दिवसानें शिकविलें.

हैदराबादी शिकवणुकीचें फळ पुढें साऱ्या देशाला मिळालें. रहीमसाहेबांच्याच संघानें १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक मिळविला. तेथें मूळ गोव्याच्या आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसूझानें ऑस्ट्रेलियावर एकट्यानें तीन गोल केले. १९६२ सालीं जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेंत दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असें नमवून भारतानें सुवर्णपदक आणलें. त्या वेळीं रहीमसाहेबांना कर्करोगानें ग्रासलें होतें. १९६३ च्या जूनमध्यें त्यांचें निधन झालें. त्यांच्यामागें त्या तोलाचें यश भारतीय फुटबॉलला पुन्हां लाभलें नाहीं. रोव्हर्स चषकहि २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडला. शेवटचा विजेता मोहन बागान.

मग धाराशिवच्या माणसानें या कथेंतून काय घ्यावें? त्याच्या मातीच्या खेळाकडे पाहिलें तर उत्तर सांपडतें. खो-खोंत पाठलाग करणारा एकच असतो. त्याचे आठ सोबती चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. धांवणाराला मागें फिरण्याची मुभा नाहीं. म्हणून योग्य क्षणीं, योग्य सोबत्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणावें आणि आपण खालीं बसावें, यांतच सारें कौशल्य आहे. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनीं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचें नेतृत्व केलें आणि २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविला. चेंडू सोबत्याकडे देणें आणि खो देणें यांत तत्त्वतः भेद नाहीं. आपल्या हातची संधि वेळेवर दुसऱ्याच्या स्वाधीन करणें, हें खेळांतील सर्वांत अवघड काम आहे. हैदराबादच्या पोलिसांनीं तें पांच वर्षें चुकूं दिलें नाहीं, म्हणून चषक त्यांच्याकडे राहिला.