शून्य, रिकामे आणि नसलेले मूल्य

एका चाचणीत चार विद्यार्थ्यांना 40, 0, 55 आणि 25 गुण मिळाले. पाचवा गैरहजर होता. पायथॉनमध्ये त्याच्या गुणांच्या जागी आपण 'नन' हे मूल्य ठेवतो. नन म्हणजे येथे मूल्यच नाही. ज्याला 0 मिळाले त्याची नोंद मात्र आहे, कारण त्याने पेपर दिला आहे.

आता सरासरी काढू. गैरहजर विद्यार्थी वगळण्यासाठी बरेच जण 'इफ नॉट गुण' अशी अट लिहितात. अट सुटसुटीत दिसते, पण ती वेगळाच प्रश्न विचारते. नन, 0, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट या सर्वांना पायथॉन अटीमध्ये असत्य धरतो. त्यामुळे शून्य मिळवणाराही वगळला जातो आणि सरासरी 120 भागिले 3, म्हणजे 40 येते. परीक्षा दिलेल्या चौघांची खरी सरासरी 30 आहे. प्रोग्रॅम कोणतीही एरर दाखवत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. येथे 'इफ गुण इज नन' असेच विचारावे.

हीच यादी डेटाबेसमध्ये असेल तर नसलेल्या मूल्याला 'नल' म्हणतात. तेथे 'गुण = नल' ही अट दिली की एकही ओळ मिळत नाही. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर सत्य नसते, असत्यही नसते. ते 'अज्ञात' असते, आणि एसक्यूएलमधील 'व्हेअर' फक्त सत्य ठरलेल्या ओळी ठेवतो. हे रास्तच आहे. दोन गैरहजर विद्यार्थ्यांचे गुण समान आहेत का, याचे उत्तर कोण देणार? पण याच नियमामुळे 'गुण <> 0' या अटीतूनही गैरहजर विद्यार्थी गळतो, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याला शोधायचे तर 'इज नल' लिहावे लागते.

एसक्यूएलचे सरासरीचे फंक्शन नल वगळते आणि 30 देते. नलच्या जागी आधीच 0 भरले तर तेच फंक्शन 24 देते. गैरहजर विद्यार्थ्याला शून्य द्यायचे की वगळायचे, हे परीक्षेचा नियम ठरवतो. तो विचारून घ्यावा आणि मगच कोड लिहावा.

पांडाजमध्ये संख्यांच्या स्तंभातील रिकामी जागा सहसा 'नॅन' म्हणून वाचली जाते. आयईईई 754 मानकानुसार नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो, म्हणून तो शोधण्यासाठी 'इजएनए' वापरतात.

फॉर्ममधून आलेल्या मजकुराची तऱ्हा आणखी वेगळी. फक्त एक स्पेस असलेली स्ट्रिंग रिकामी नसते. आधी 'स्ट्रिप' करावे लागते. ओरॅकल तर शून्य लांबीची स्ट्रिंग नलच मानतो, पोस्टग्रेएसक्यूएल मानत नाही. डेटाबेस बदलताना या तपासण्या पुन्हा चालवून पाहाव्यात.