प्रवेशाच्या हंगामातील बोलणे

मागील भागात आपण भाषिक प्रतिष्ठेची संकल्पना अभ्यासली. विल्यम लॅबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन दुकानांत जाऊन विक्रेत्यांचे बोलणे टिपले होते आणि दुकान जितके महागडे तितका शब्दान्तीचा ‘र’ अधिक स्पष्ट उच्चारला जातो असे दाखवून दिले होते, हे आपल्याला आठवत असेल. गोंदिया जिल्ह्यात हा अभ्यास करायचा असल्यास दुकानात जाण्याचे कारण नाही. मे महिन्यात एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसले की पुरे.

अशाच एका पंगतीत मी ऐकलेले बोलणे येथे देतो. तिरोड्याचे एक गृहस्थ म्हणाले, “यंदा आमची नीट होती.” शेजारच्यांनी विचारले, “ड्रॉप घेतला होता ना?” “हो, कोटाला ठेवलं होतं.” पलीकडे बसलेले आमगावकडचे एक शेतकरी तोवर गप्प होते. त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, “आमचा पोरगा इथंच हाय. साधं बीएस्सी करते.” घरात ‘पानी’ म्हणणाऱ्या पहिल्या गृहस्थांनी वाढप्याकडे मागितले ते मात्र ‘पाणी’, आणि तो ‘ण’ जरा जपूनच उच्चारला होता.

या थोड्या वाक्यांत बरेच काही दडलेले आहे. ‘आमची नीट’ हा प्रयोग पाहा. परीक्षा एका मुलाने दिली. सर्वनाम मात्र अनेकवचनी आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो. पालक ‘आम्हाला साडेसहाशे पडले’ म्हणतात तेव्हा मुलाचे यश कुटुंबाच्या नावावर जमा होते आणि ऐकणारा कुंपणाबाहेर राहतो. (माझ्या मुलीच्या निकालाच्या दिवशी प्राध्यापक-कक्षात मीही ‘आम्हाला’च म्हणालो होतो. व्याकरण शिकवणे वेगळे.)

‘ड्रॉप घेणे’ हा अधिक रंजक प्रयोग आहे. बारावीनंतर एक वर्ष कोठेही प्रवेश न घेता पुन्हा तीच परीक्षा देणे, एवढाच त्याचा अर्थ. यालाच आपल्याकडे पूर्वी ‘वर्ष वाया गेले’ असे म्हणत. ‘वाया जाणे’ आपोआप घडते; ‘घेणे’ हे मात्र कर्त्याच्या इच्छेने होते. शिकवणीचे शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ यांवर दीड-दोन लाख खर्चणाऱ्या घरातील मुलाने ‘ड्रॉप घेतलेला’ असतो. तेच वर्ष गावात राहून, धानाच्या रोवणीला हात लावत, जुन्या पुस्तकांवर अभ्यास करणाऱ्या मुलाविषयी लोक म्हणतात, ‘घरी बसला आहे’. दोघांची परीक्षा एकच, वर्षही एकच. क्रियापद तेवढे ऐपतीप्रमाणे बदलते.

‘कोटा’ या शब्दाची गंमत आणखी निराळी आहे. राजस्थानातील शहर आणि ‘राखीव वाटा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मराठीत एकाच रूपात लिहिले जातात. बोलताना मात्र पुष्कळ जण शहरासाठी ‘कोटाला’ आणि वाट्यासाठी ‘कोट्यातून’ म्हणतात. म्हणजे एकाचे सामान्यरूप होत नाही, दुसऱ्याचे होते. ‘कोटाला’ म्हणताना मान ताठ असते. ‘कोट्यातून’ हा शब्द बहुधा दुसऱ्याच्या मुलासाठी, आवाज उतरवून वापरला जातो. त्यात मॅनेजमेंट कोटा स्वतःच्या घरचा असेल तर शब्दच बदलतो आणि ‘मुलगा मेडिकलला लागला’ असे वाक्य येते.

‘लागणे’ हे क्रियापद येथे फार उपयोगी पडते. आग लागते, भूक लागते, लॉटरी लागते, नंबर लागतो. कोणी लावली, कशाने लागला हे वाक्यात सांगावे लागत नाही. गुणांवर मिळालेली शासकीय महाविद्यालयातील जागा आणि पैसे भरून घेतलेली खासगी जागा, दोन्ही ‘लागल्या’च. या झाकपाकीला इतिहास आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि ‘डोनेशन’ हा शब्द घरोघरी पोचला. १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन शुल्कावर बंदी आली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी सांगितली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ती योजना रद्द झाली, तरी ‘पेमेंटवाला’ हे विशेषण गेले नाही. न्यायालयाची संज्ञा पंगतीत येऊन टोमणा झाली.

आता आपल्या स्वतःच्या शब्दाकडे येऊ. ‘बहिःस्थ विद्यार्थी’ ही जुनी शैक्षणिक संज्ञा. तिचे लोकांनी केलेले सुटसुटीत रूप म्हणजे ‘बाहेरून’. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी दिलेल्यांना हे क्रियाविशेषण चांगलेच परिचित आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली. नियमांच्या भाषेत आपण आत आलो, बोलण्यात अजून बाहेरच आहोत.

एका अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात देवरी भागातील एका अंगणवाडी सेविकेने आपली ओळख करून दिली : “मी नुसतं बाहेरून बीए करते.” तेच वाक्य पहिले दोन शब्द गाळून म्हणण्याची मी त्यांना विनंती केली. ‘मी’ही गेला, आणि वर्ग हसला. मग ‘नुसतं’ व ‘बाहेरून’ वगळून त्या म्हणाल्या, “मी बीए करते.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण सर, लोक पुढं विचारतातच ना, कुठून म्हणून?”

कृती : ‘कुठून?’ आणि ‘कुठे लागला?’ या प्रश्नांना आपल्या गावात कोणकोणती उत्तरे दिली जातात, ती आठवडाभर ऐकून वहीत जशीच्या तशी उतरवा. बोलीतील रूपे शुद्ध करू नका. प्रत्येक वाक्यातील सर्वनाम, क्रियापद आणि ‘साधं’, ‘नुसतं’, ‘फक्त’ यांसारखे शब्द अधोरेखित करा. त्यांत आपले स्वतःचे एक वाक्य असू द्या.