मोजणीचं प्रॅक्टिकल

सकाळी साडेनऊ. मामांनी मेन स्विच चढवलाय, पीसी एकेक करून सुरू होतायत. आज सगळ्या बॅचना एकच प्रयोग: टेक्स्ट फाइलमधली अक्षरं, शब्द आणि ओळी मोजणारा सी प्रोग्रॅम. जर्नलमध्ये दीड पानाचा ऐवज. युनिक्समध्ये हेच काम करणारी 'डब्ल्यूसी' ही कमांड १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच आहे, आणि कर्निहान-रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात हा प्रोग्रॅम पहिल्याच प्रकरणात येतो. इतकं जुनं काही असलं की मुलं समजतात, यात विचारण्यासारखं काय उरलंय!

दहा. पहिला अर्धा तास फाइल सापडण्यातच जातो. राइट क्लिक करून नवी फाइल बनवायची आणि नाव द्यायचं 'डेटा डॉट टीएक्सटी'. विंडोज शेवटचं टीएक्सटी लपवतं, त्यामुळे खरं नाव होतं 'डेटा डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी'. एफओपनच्या हाती काही लागत नाही, ते नल परत करतं. ज्यांनी नल तपासलेलं नाही त्यांचा प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. तपासणीच्या त्या दोन ओळी मी मुद्दाम फळ्यावर लिहीत नाही. एकदा कोसळू दिलं की मुलं त्या विसरत नाहीत.

पावणेअकरा. "सर, आउटपुट आलं!" मग मी माझी फाइल देतो: वर रिकाम्या ओळी, शब्दांमध्ये दोन-दोन स्पेस, मध्येच टॅब. बहुतेकांनी स्पेस मोजून त्यात एक मिळवलेला असतो. अशानं कोऱ्या फाइलमध्येही एक शब्द निघतो. खरी रीत वेगळी आहे. आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर, एवढंच एका व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवायचं. बाहेर असताना मोकळ्या जागेखेरीज काहीही दिसलं की शब्द सुरू झाला. मोजणी एकनं वाढवायची आणि आत जायचं. पुढे मोकळी जागा आली की पुन्हा बाहेर. कर्निहान-रिचींनी हीच रीत दिली आहे आणि आजही तीच शिकवावी, असं माझं ठाम मत आहे.

साडेअकरा. शेवटच्या बाकावरचा मुलगा मोबाइल पुढे करतो. "सर, पीसीवर चालतो, मोबाइलवर अडकतो. काहीच छापत नाही." कोड तोच, अक्षर न् अक्षर. वाचलेलं अक्षर त्यानं 'कॅर'मध्ये ठेवलंय. एफगेटसीकडून ० ते २५५ पैकी कुठलाही बाइट येऊ शकतो, शिवाय फाइल संपल्याची खूण, ईओएफ, जी बहुधा उणे एक असते. म्हणजे किमती २५७ आणि कॅरमध्ये मावतात २५६. लॅबच्या इंटेल पीसीवर कॅरला उणे किंमत चालते, म्हणून निभावतं. मोबाइलच्या एआरएम चिपवर चालत नाही. तिथे उणे एकाचं २५५ होतं, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप फिरत राहतो. 'इंट' लिहिलं की प्रश्न मिटला. पण त्याचं समाधान होत नाही. "पीसीवर बरोबर येतं ना, सर?" येतं, नशिबानं. फाइलमध्ये खरोखर २५५चा बाइट असता तर पीसीवरची मोजणी अर्ध्यातच थांबली असती.

दीड. डबा.

सव्वादोन. दुपारच्या बॅचला मी मराठी फाइल देतो. सगळा शब्द एकच: लक्ष्मी. एंटर नाही, स्पेस नाही. इंग्रजी फाइलवर सकाळपासून चोख चाललेला प्रोग्रॅम सांगतो, अक्षरं २१. वर्गात हशा. कुणाला वाटतं फाइल बिघडली, कुणी पुन्हा कंपाइल करतं. पहिल्या रांगेतली मुलगी बोटांवर मोजून म्हणते, "सर, दोनच आहेत. ल आणि क्ष्मी."

आता कुठे प्रयोग सुरू झाला. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ल, क, हलंत, ष, हलंत, म, दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हं, म्हणून एकवीस. आपला प्रोग्रॅम अक्षरं मोजतच नव्हता, बाइट मोजत होता. इंग्रजीत दोन्ही आकडे एक येतात म्हणून झाकलं गेलं. सात हवे असतील तर १२८ ते १९१ यांमधले बाइट सोडून द्यायचे, कारण ते आधीच्या चिन्हाचंच शेपूट असतात. लूपमध्ये एका 'इफ'ची भर. दोन मात्र एवढ्या स्वस्तात मिळत नाहीत. त्यासाठी हलंत पुढच्या व्यंजनाला बांधतो हे प्रोग्रॅमला शिकवावं लागतं. खुद्द युनिकोडच्या ठरावीक नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची सोय २०२३मध्ये, १५.१ आवृत्तीत आली.

साडेतीन. शेजारी बसलेल्या दोघांनी 'वाऱ्यावर' टाइप केलं. एकाचे बाइट २४, दुसऱ्याचे २७. पडद्यावर शब्द हुबेहूब सारखे. एकाच्या कीबोर्डनं नुक्त्याचा ऱ घातला होता. दुसऱ्याच्या कीबोर्डनं साधा र, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. त्याचेही तीन बाइट लागतातच. शोध घेताना असे दोन शब्द कॉम्प्युटरला एक वाटत नाहीत, हे मी सांगायच्या आतच दोघांनी करून पाहिलं होतं.

पाच. जर्नलवर सह्या. एकाची तक्रार: दहा ओळींची फाइल, प्रॉपर्टीजमध्ये २१५ बाइट, प्रोग्रॅम म्हणतो २०५. विंडोज दर ओळीअखेर दोन बाइट लिहितं आणि टेक्स्ट मोडमध्ये वाचताना त्यांचा एकच करून देतं. बायनरी मोडमध्ये उघडून बघ, म्हटलं.

हा प्रयोग घेणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. तपासणीच्या फाइलींत निदान एक मराठी ठेवा, आणि आउटपुटमध्ये 'अक्षरं' अशी एकच ओळ छापून घेऊ नका. बाइटची वेगळी, चिन्हांची वेगळी.