गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२

गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२ हा पोर्तुगीज सत्तेच्या अस्तानंतर या प्रदेशांतील लोकांचे नागरिकत्व निश्चित करणारा भारत सरकारचा आदेश होय. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७ अन्वये तो २८ मार्च १९६२ रोजी काढण्यात आला.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. बाराव्या घटनादुरुस्तीने हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात समाविष्ट करण्यात आले. तोपर्यंत पोर्तुगाल तेथील लोकांना आपले नागरिक मानत असे. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व अमान्य केल्याने नागरिकत्वाबाबत करार होऊ शकला नाही. याउलट, पुदुच्चेरीसंबंधी फ्रान्सशी झालेल्या करारात फ्रेंच नागरिकत्व राखण्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती.

तरतुदी

जी व्यक्ती, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशांत जन्मले होते, ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानण्यात आली. त्यासाठी अर्जाची आवश्यकता नव्हती. त्यामुळे सत्तांतरात कोणी राष्ट्रहीन होण्याचा धोका टळला. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांनी मात्र आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात लेखी घोषणा करणे आवश्यक होते.

न्यायालयीन आव्हान

अशी घोषणा करून पोर्तुगीज नागरिकत्व राखलेले धर्मगुरू मोन्तेरो यांची परकीय नागरिक म्हणून नोंद झाली. वास्तव्याची मुदत संपूनही ते देश सोडून न गेल्याने परकीय नागरिक अधिनियमाखाली त्यांना शिक्षा झाली. गोवा हा व्याप्त प्रदेश असल्याने आपल्याला जिनिव्हा कराराचे संरक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो फेटाळला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालानुसार, प्रदेश भारतात पूर्णपणे विलीन होताच लष्करी व्याप्ती संपली होती. तसेच परकीय नागरिकत्व स्वेच्छेने निवडणाऱ्यास भारतातील वास्तव्यासाठी येथील कायदा पाळणे बंधनकारक होते.

नंतरची स्थिती

३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरीही मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तेथील नागरिकत्व मिळवता येते. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या अधिनियमातील कलम ९ नुसार संपुष्टात येते.